जमेची बाजू

गणपती उठले, मांडवांचे बांबू रस्त्यावरून हलले, की दोन-तीन दिवसांत आमच्या संपादकांचा फोन यायचा हा कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे. यंदाही तो आला. "या खेपेस आपल्या सदरात एखाद्या घराण्याने उभारलेल्या उद्योगाची गोष्ट येऊ द्या," ते म्हणाले. "आजोबांनी रोप लावले, मुलांनी पाणी घातले, नातवंडांनी त्याचा वटवृक्ष केला, अशा धर्तीची. आणि दिवाळी आहे, तेव्हा जरा गोडच असू द्या."

"तुमच्या संपादकांना लेख हवा आहे की चिरोटे?" सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले.

मी होकार देऊन बसलो होतो आणि आता विचारात पडलो होतो. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर, चितळ्यांचे दूध, दांडेकरांची उंट छाप शाई, ही मंडळी दिवाळी अंकांतून इतक्यांदा येऊन गेली आहेत की वाचकांना त्यांची कुळकथा माझ्यापेक्षा चांगली पाठ असेल. नवे काय लिहावे? या प्रश्नाचे उत्तर मला शेवटी एका पत्र्याच्या ट्रंकेत सापडले.

पुण्याला सदाशिव पेठेत आमचा जुना वाडा होता. तो पाडून आता तिथे इमारत उभी राहत आहे. वाड्याच्या माळ्यावरची ही ट्रंक चुलत भावाने माझ्याकडे दादरला पाठवून दिली. सोबत चिठ्ठी होती, "तुला लिहिण्यावाचण्याचा नाद आहे, तेव्हा हे तूच सांभाळ." आमच्या हिंदू कॉलनीतल्या जागेत माणसांनाच हलायला जागा नाही, त्यात ही ट्रंक येऊन पडली. सौ.ने दिवाळीची साफसफाई यंदा महिनाभर आधीच काढली ती या पाहुणीला वाटेला लावण्यासाठी.

ट्रंकेत पणजोबांच्या वह्या होत्या. पणजोबा सावकारी करीत. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली वाळून काळपट झालेली कुंकवाची बोटे, आणि आत मोडी अक्षरांच्या ओळीच्या ओळी. एका वहीत चार घड्या घातलेला जाड कागद निघाला. मला मोडी येत नाही. म्हणून पुढच्या पुणे-खेपेत तो घेऊन मी भारत इतिहास संशोधक मंडळात गेलो. तिथे बसलेल्या एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सारून तो दहा मिनिटांत वाचून दाखवला. शके १८३१ सालचे, म्हणजे सुमारे १९०९ चे, गहाणखत होते ते. मुळशी पेट्यातल्या एका कुणब्याने आपले भाताचे खाचर दीडशे रुपयांना आमच्या पणजोबांकडे गहाण टाकले होते. खाली अंगठ्याचा ठसा होता.

तो ठसा पाहताना मला आजीचे एक वाक्य आठवले. संध्याकाळी दिवा लावून त्याला हात जोडताना ती कधीकधी म्हणे, "ही जागा झाली ती धरणाच्या पैशातून हो." लहानपणी मला वाटे, आजोबा धरणाच्या कामावर मुकादम असतील. आजोबा जन्मभर कचेरीत कारकुनी करीत होते हे पुढे कळले, पण मग धरणाचे पैसे कुठून आले, हे विचारायचे राहूनच गेले. ते आता, सत्तरी ओलांडल्यावर, त्या मोडी कागदाने सांगितले. मुळशीला धरण झाले, खाचर पाण्याखाली गेले, आणि त्याची भरपाई ज्याच्या नावावर जमीन लागली होती त्याला, म्हणजे आम्हाला, मिळाली.

आणि संपादकांना हवी असलेली गोष्टही त्याच धरणापाशी होती.

गोष्ट एका कारखान्याची आहे. या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे पाऊस. तयार माल डोळ्यांना दिसत नाही, पोत्यात भरता येत नाही, फळीवर रचून ठेवता येत नाही. तो तयार होतो त्याच क्षणी गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेला असतो. गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मी, आणि माल म्हणजे वीज.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. तो आणायचा तर बंगालकडून, नाहीतर समुद्रापलीकडून. जमशेटजी टाटा स्वतः गिरणीवाले होते. त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली होती. कोळशाचा भाव आणि धूर दोन्ही त्यांना पुरते ठाऊक होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस अडवून त्याची वीज करावी ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या एका गृहस्थांनी त्यांच्यापुढे मांडली आणि ती त्यांच्या मनाने घेतली. पण १९०४ मध्ये जमशेटजी वारले. पोलाद, विज्ञानसंस्था आणि ही वीज, वडिलांची तीन मोठी स्वप्ने दोराबजी आणि रतनजी या मुलांच्या वाट्याला आली.

मुलांनी ती पुरी केली हे त्यांचे मोठेपण. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी निघाली. भांडवल आपल्याच देशातल्या संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी घातले. १९११ मध्ये लोणावळ्याला कोनशिला बसली आणि १९१५ च्या आरंभी खोपोलीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावर तलाव, तिथून कड्यावरून खाली उतरणारे जाड नळ, आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात वीजघर, अशी ही रचना. त्या उंचीवरून आलेले पाणी बारीक तोटीतून सुटते ते पोलादी चाकाच्या वाट्यांवर जाऊन आपटते. चाक फिरते, त्याबरोबर जनित्र फिरते, आणि तारांवरून वीज परळला येते. आमच्या लहानपणी खंडाळ्याचा घाट उतरताना ते नळ दिसले की वडील डब्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "बघा, यातून आपला दिवा खाली चालला आहे."

पहिल्या कंपनीला भावंडे झाली. १९१६ मध्ये आंध्र व्हॅली कंपनी निघाली, तिचे भिवपुरीचे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले. १९१९ मध्ये तिसरी, टाटा पॉवर कंपनी. हिचे धरण मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी मुळशीला, आणि वीजघर घाटाखाली भिऱ्याला. ते १९२७ मध्ये सुरू झाले. गिरण्यांपाठोपाठ रेल्वेच्या गाड्या या विजेवर धावू लागल्या. शहरात वीज वाटणाऱ्या कंपनीने आपली निर्मिती सोडून ही वीज घाऊक घ्यायला सुरुवात केली. आणि १९३० च्या सुमारास आजोबा आजीला घेऊन दादरच्या नव्या जागेत आले तेव्हा बटण दाबताच पेटणारा दिवा पाहून आजीने त्याला नमस्कार केला. ही सवय तिने शेवटपर्यंत सोडली नाही.

इथवर गोष्ट संपादकांच्या मनासारखी झाली आहे. रोप लागले, पाणी घातले गेले. पण ते पाणी कुणाचे होते, हे पाहायला मी गेल्या महिन्यात मुळशीला गेलो.

पुतण्या हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. हिंजवडी हीही मुळशी तालुक्यातच, हे त्याला मी सांगितले तेव्हा त्याला नवल वाटले. "काका, मला मुळशी म्हणजे पावसाळ्यात भजी खायला जायचे ठिकाण एवढेच माहीत होते." त्याच्या गाडीतून आम्ही निघालो. भूगाव, पिरंगुट, पौड. पिरंगुटपर्यंत कारखान्यांच्या भिंती आणि बंगल्यांच्या जाहिराती, पौडच्या पुढे मात्र भाताची शेते लागली. मुळशीचा आंबेमोहोर आमच्या आजीच्या पिढीत नवसासारखा मागवला जाई. भात उकळू लागला की चार घरांपलीकडे आंब्याच्या मोहोराचा वास जावा, असे ते तांदूळ. पाऊस नुकताच सरला होता आणि शेते लोंब्या धरत होती. माले गाव ओलांडून वर चढलो आणि एका वळणावर पाणी दिसले. डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेले, निळे, दूरवर पसरलेले पाणी. पुतण्याने गाडी थांबवून फोटो काढला. दृश्य सुंदर आहे यात शंका नाही. मी मात्र आमचे खाचर कुठे असेल ते पाहत होतो. आमचे म्हणतो खरा, पण त्यात आमच्यापैकी कुणी कधी पाय ठेवला नव्हता.

या पाण्याखाली पन्नासाहून अधिक गावांची जमीन आहे. १९१९-२० च्या सुमारास लोकांच्या शेतांत, त्यांना न विचारता, चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली, तेव्हा मावळ्यांना प्रथम कळले की आपले खोरे बुडणार आहे. भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या बाजूला होता आणि सरकार कायद्याच्या बाजूला होते. लोकांच्या बाजूला पुण्याहून काही तरुण आले. पांडुरंग महादेव बापट त्यांत होते. विलायतेत बाँब तयार करण्याची विद्या शिकून आलेला हा पारनेरचा माणूस इथे मावळ्यांबरोबर सत्याग्रहाला बसला, आणि इथेच लोक त्यांना 'सेनापती' म्हणू लागले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे मावळे, बायकापोरे धरून, धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम बंद पडले. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. कंपनीने काही महिने काम थांबवायचे कबूल केले. गांधीजींनी त्याच महिन्यात लिहिले की टाटांच्या थोर घराण्याने कायद्याच्या हक्कावर बोट न ठेवता लोकांशी बोलून वाट काढावी.

वाट निघाली नाही. काम पुन्हा सुरू झाले, सत्याग्रह पुन्हा सुरू झाला, लोक तुरुंगात गेले. धरणे होऊ नयेत म्हणून जगात झालेल्या लढ्यांत हा अगदी पहिल्यांपैकी एक. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी तर आपल्या इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्याला पहिला म्हटले आहे. आणि त्याच अभ्यासातून दिसणारी गोष्ट मला टोचली. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या नावावर झालेली होती. सावकारांना जमीन कसायची नव्हती. भरपाईचा दर चांगला मिळाला की त्यांचे काम झाले. कुळांची जान आणि जमीन एक होती. सावकाराच्या लेखी जमीन म्हणजे वहीतली एक रक्कम, आणि ती सव्याज वसूल होत होती. फूट तिथे पडली. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणावर मजूर नेणारी गाडी अडवली आणि पिस्तूल झाडले. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला. तीन वर्षांनी भिऱ्याचे वीजघर फिरू लागले.

मुंबईत माहीमपासून दादरवरून लोअर परळकडे, गिरण्यांच्या कडेने जाणारा तुळशी पाइप रस्ता आज सेनापती बापट मार्ग म्हणून ओळखला जातो. ज्या गिरण्यांसाठी घाटात धरणे झाली त्यांच्याच भिंतींना लागून बापटांचे नाव आहे. मी त्या रस्त्याने चाळीस वर्षे नोकरीला गेलो, आणि दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार एकदाही माझ्या मनात आला नाही.

धरणाच्या वाटेवर एका टपरीपाशी चहाला थांबलो. बाकावर माझ्याच वयाचा एक गृहस्थ बसला होता. पांढरी टोपी, पायजमा, हातात काठी. पुतण्याने त्याला मामा म्हणून हाक मारली आणि गाव कोणते म्हणून विचारले. त्याने काठी उचलून पाण्याकडे केली.

"त्ये तिथं. आमी काय बगितलं न्हाई. आजा दाखवायचा. पानी उतारलं की म्हनायचा, तो बांध दिसतो का, तो आपला."

"मग तुम्ही राहता कुठे?"

"वर डोंगराच्या अंगाला. आजा वर सरकला, चुलता मुंबईला गेला. पुढं मी बी गेलो. पंचवीस वर्सं डबे टाकले."

मुंबईच्या डबेवाल्यांपैकी पुष्कळसे मावळ, मुळशी आणि खेडकडचे, हे वाचकांना माहीत आहेच. मी विचारले, "कोणत्या भागात?"

"घ्यायचो दादरला, हिंदू कॉलनीत. तुमी कुटलं, पावनं?"

मी म्हटले, "हिंदू कॉलनीचाच. चौथी गल्ली."

त्याचा चेहरा खुलला. त्याने आमच्या गल्लीतली दोन-तीन घरे नावानिशी सांगितली. कोणत्या मजल्यावरच्या बाई डबा हमखास उशिरा देत तेही सांगितले. त्या बाई म्हणजे आमच्या शेजारीण, आता हयात नाहीत. आमचा डबा तो घेत नसे, आमच्या सौ. तेव्हा मला डबा हातात देत. पण आमच्या जिन्यावरून तो रोज वर-खाली करीत होता. ज्या घराच्या दारावरून तो डबे घेऊन गेला ते घर कशातून झाले हे त्याला ठाऊक नव्हते, आणि दारामागच्या आम्हालाही नव्हते.

माझ्या पिशवीत तो कागद होता. दाखवावा की नाही, यावर मी चहाचा कप संपेपर्यंत विचार केला. अखेर काढला. सांगितले की असे असे आहे, मुळशीचे खाचर आहे, माझ्या पणजोबांकडे गहाण होते. गावाचे नाव पुसट आहे, तेव्हा ते कुणाचे हे आता कळायचे नाही. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, अंगठ्याच्या ठशाकडे बराच वेळ पाहिले.

"भात किती व्हायचं, लिवलंय का यात?"

"नाही," मी म्हटले. "किती कर्ज दिले ते लिहिले आहे. व्याज लिहिले आहे."

"व्हय," तो म्हणाला, आणि कागद घडी जशी होती तशी घालून परत दिला. मी म्हटले, "तुमच्याकडे ठेवायचा तर ठेवा." तो हसला. "आमी काय करू? जिमीन पान्यात ऱ्हायली. कागुद तुमच्याकडं जपून ऱ्हाईल." चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत. पाहुणे तुम्ही, म्हणाला.

परतीच्या वाटेवर पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, पण धरण झाले नसते तर मुंबई झाली नसती." त्याचे म्हणणे खोटे नाही. पुढची दशके पाहिली तर जमेची बाजू मोठीच आहे. १९५६ मध्ये कंपनीचे ट्रॉम्बेचे औष्णिक वीजघर सुरू झाले. तिथेच १९८४ मध्ये देशातला पाचशे मेगावॅटचा पहिला संच बसला. २००० मध्ये तिन्ही भावंडे एका टाटा पॉवर कंपनीत विलीन झाली. २००२ पासून कंपनी दिल्लीच्या एका भागात घरोघर वीज वाटते आणि २०२०-२१ पासून सगळ्या ओडिशात. गुजरातेत मुंद्र्याला चार हजार मेगावॅटचे वीजघर २०१३ मध्ये पुरे झाले, आणि आता सूर्य आणि वारा यांच्यापासून वीज होऊ लागली आहे. सारी मिळून क्षमता पंधरा हजार मेगावॅटच्या घरात, ग्राहक एक कोटी वीस लाखांहून अधिक. टाटा सन्सची सुमारे दोन-तृतीयांश मालकी धर्मादाय न्यासांकडे आहे, म्हणजे नफ्याचा मोठा वाटा लोकांच्या कामाला लागतो. दोराबजींच्या नावाच्या न्यासाने १९४१ मध्ये परळला कर्करोगाचे रुग्णालय उभारले. माझी धाकटी बहीण तिथून बरी होऊन घरी आली. ते मी कसे विसरेन?

पण या मोठ्या हिशेबात आता मुळशी केवढी? भिऱ्याचे मूळ वीजघर दीडशे मेगावॅटचे, आणि खालचे पाणी पुन्हा वर चढवून वापरणारा नंतरचा संच तेवढाच. मिळून तीनशे. म्हणजे शंभरात दोन. ही दोन महत्त्वाची आहेत हे खरे, कारण पाण्यावरची वीज काही मिनिटांत चालू करता येते आणि संध्याकाळी सगळी मुंबई एकदम दिवे लावते तेव्हा तीच कामी येते. परंतु त्यासाठी पाणी किती जाते पाहा. पुण्याला पाणी देणारी खडकवासल्याच्या साखळीतली चारही धरणे मिळून सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट, पाणी साठवतात. टाटांच्या सहा धरणांतून दरवर्षी चाळीसहून अधिक टीएमसी पाणी घाटाखाली सोडायची मुभा आहे. मुळा नदी पूर्वेची. तिचे पाणी भीमेतून कृष्णेला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. ते बोगद्यातून पश्चिमेला वळते, भिऱ्याला चाके फिरवते, आणि कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला मिळते. वाया जाते असे म्हणणेही बरोबर होणार नाही. कोकणात त्यावर शेती आहे, कारखाने आहेत, आणि रोज सकाळी भिऱ्याहून पाणी सुटले की कोलाडला रबरी नावांतून पर्यटक आरडाओरडा करत जातात. पण पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात पाण्यासाठी डोळे लागलेले असतात. हे पाणी पुन्हा पूर्वेला द्यावे ही मागणी गेल्या काही वर्षांत वारंवार होत आहे. दुसऱ्या बाजूने, २०२३ मध्ये कंपनीने सरकारशी करार करून भिवपुरी आणि शिरवता इथे पाणी वर-खाली खेळवणारे, मिळून अठ्ठावीसशे मेगावॅटचे, नवे प्रकल्प योजले आहेत. सूर्य मावळल्यावर वीज कुठून आणायची याचे ते उत्तर आहे आणि त्याची गरजही आहे.

निर्णय काय व्हावा हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी सावकाराचा पणतू, आणि शंभर वर्षे त्या विजेवर वाचलेल्या घरातला. एवढेच वाटते की निर्णय घेताना समोर जे कागद असतील त्यांत भात किती व्हायचं हेही कुणीतरी लिहिलेले असावे. १९२१ मध्ये ते लिहिले गेले नाही. मेगावॅट लिहिले गेले, भरपाईचे दर लिहिले गेले, आणि मुळशीतून वीज मुंबईला गेल्यावरही महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत दिवा लागायला स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे जावी लागली, हे मात्र कुठल्याच वहीत आले नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण आपण लहानपणापासून घोकतो. तो अंधार किती कोसांचा असू शकतो हे मला मुळशीच्या वळणावर दिसले.

घरी आलो तेव्हा सौ. विजेचे बिल हातात घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडे व्यापार नाही, पण पणजोबांपासून लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते. अलीकडे ही वही म्हणजे सौ.ची घरखर्चाची वही. नवी वही तिने आणून ठेवली आहे, पानांवर जमा आणि खर्चाचे रकाने पट्टीने आखलेही आहेत. मी तिला सगळे सांगितले. डबेवाल्याचे, खाचराचे, तो हसला त्याचे. ती ऐकत राहिली. मग उठून तिने ट्रंकेतला कागद मागून घेतला आणि वहीच्या पहिल्या पानात ठेवला.

"पूजेला हा असू दे," ती म्हणाली. "आणि यंदा 'श्री'च्या खाली पहिली ओळ मी लिहिणार आहे. देणे: मुळशी, भाताचे खाचर एक."

"आणि रक्कम?" मी विचारले.

ती थोडा वेळ रकान्याकडे पाहत राहिली. "ती कोरीच ठेवू या," म्हणाली, आणि दिवेलागण झाली होती म्हणून बटण दाबून तिने दिवा लावला. मग आजी करायची तसे हात जोडले.